हाताच्या थरथरीवरून माणूस ओळखता येतो का?

प्रश्न इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. हात कितीही स्थिर धरला तरी तो बारीक थरथरतोच. ही थरथर ठरवून करता येत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही. मग फोनच्या सेन्सरने ती टिपून माणसाची ओळख पटवता येईल का, आणि ओटीपीची कटकट त्यातून जाईल का? वर्गमित्रांनी आपापला फोन हातात धरून दिलेल्या नोंदींवर या विद्यार्थ्याने मॉडेल तयार केलं, तर जवळजवळ प्रत्येक जण बरोबर ओळखला गेला. प्रश्नाच्या शेवटी एक वेगळी ओळ आहे: "माझ्या आजोबांचे हात खूप कापतात. अशी व्यवस्था आली तर त्यांचं काय?"

फोन हाताळण्याच्या पद्धतीवरून वापरणाऱ्याची खातरजमा करणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. नुसत्या थरथरीवरून "हा कोण" हे भरवशाने सांगता येत नाही. "फोन अजून मघाच्याच हातात आहे का" हे बऱ्यापैकी सांगता येतं. आणि "फोन मुळात कुणाच्या हातात आहे का" हे फार चांगलं सांगता येतं. खरी उपयुक्तता या तिसऱ्या प्रश्नात आहे, पण प्रकल्प आणि जाहिराती सगळे पहिल्याच्या मागे लागतात.

आता तुमच्या निकालाबद्दल. प्रत्येकाने स्वतःचाच फोन वापरला असेल, तर तुमच्या मॉडेलने मित्र ओळखलेले नसून बहुधा फोन ओळखलेले आहेत. फोनमधला ॲक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर, हा सिलिकॉनमध्ये कोरलेला सूक्ष्म वस्तुमानाचा तुकडा आणि त्याला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा. कारखान्यातून निघालेले दोन तुकडे कधीही तंतोतंत सारखे नसतात. एक सेन्सर टेबलवर शांत पडलेला असतानाही गुरुत्वाकर्षण किंचित जास्त दाखवतो, दुसरा किंचित कमी. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की या बारीक दोषांवरून एकाच मॉडेलचे फोनसुद्धा वेगवेगळे ओळखता येतात. २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटाने त्यापुढची पायरी गाठली. सेन्सरमध्ये कारखान्यात भरलेले दुरुस्तीचे आकडे त्यांनी नोंदींमधून उलटे काढले, आणि एका सेकंदाच्या आत आयफोनचा ठसा मिळवला. ॲपलने ती फट आयओएस १२.२ मध्ये बुजवली.

म्हणून पहिलं काम हे करा: फोन अदलाबदल करून पुन्हा नोंदी घ्या. अमोलच्या हातात स्नेहाचा फोन द्या आणि मॉडेल काय म्हणतं ते पाहा. "स्नेहा" म्हणालं तर काय झालंय ते कळेलच. दुसरं, शिकवायच्या आणि तपासायच्या नोंदी वेगवेगळ्या दिवसांच्या असू द्या. एकाच बैठकीतल्या नोंदीचे तुकडे करून अर्धे शिकवायला आणि अर्धे तपासायला घेतले, तर मॉडेल त्या बैठकीची खुर्ची, बसण्याची ढब, वर फिरणारा पंखा हे सगळं पाठ करतं. या विषयावरचा कुठलाही दावा वाचताना मी आधी हीच दोन ठिकाणं पाहतो. तिथे गडबड असेल तर पुढची टक्केवारी वाचण्यात अर्थ नसतो.

हे झालं फोनचं. आता हाताकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

निरोगी माणसाच्या हाताची थरथर ही एकच गोष्ट नाही, तिच्यात निदान तीन धागे असतात. एक यांत्रिक: हाताला वजन आहे आणि स्नायूंना लवचिकपणा आहे, त्यामुळे तो स्वतःच्या लयीत डुलतो. कोपरापासूनचा हात सेकंदाला तीन ते पाच वेळा, मनगट त्यापेक्षा वेगाने, आणि एकटं बोट वीस-पंचवीस वेळा. दुसरा धागा मज्जासंस्थेचा. स्नायूंना जाणारे आदेश सलग नसतात, ते सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा अशा लयीत येतात. इच्छेने आखडलेल्या स्नायूत सेकंदाला दहाच्या आसपास लय असते, हे एडवर्ड शेफर यांनी १८८६ मध्येच नोंदवलं होतं. आणि तिसरा धागा हृदयाचा, कारण प्रत्येक ठोक्याचा बारीक धक्का बोटांच्या टोकापर्यंत पोचतो.

हे घरी पाहता येतं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फिफॉक्स हे मोफत ॲप घ्या, त्यात त्वरणाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या लयीची थरथर किती आहे हे दाखवणारा आलेख, काढायची सोय आहे. कोपर ते मनगट टेबलवर टेकवा, पंजा कडेबाहेर अधांतरी ठेवा, हातात फोन धरा आणि अर्धा मिनिट नोंद घ्या. मग फोनला रबरबँडने पॉवर बँक बांधा आणि पुन्हा घ्या. यांत्रिक शिखर खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतं. मज्जासंस्थेचं शिखर दिसत असेल तर ते दहाच्या आसपासच राहतं. सगळ्यांच्या बाबतीत दोन्ही स्वच्छ वेगळी दिसत नाहीत, अनेकदा ती एकमेकांवर चढलेली असतात.

सेन्सरला ही थरथर पकडता येते का? सहज. दहा हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, अर्ध्या दशांश मिलिमीटरची, म्हणजे ०.०५ मिमीची हालचाल घेतली तर त्वरण सुमारे ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. हा गुरुत्वाकर्षणाचा पन्नासावा भाग झाला, आणि साध्या फोनच्या सेन्सरलाही तो दिसतो. सॅम्पलिंगचाही प्रश्न नाही. सेकंदाला शंभर नोंदी पुरेशा आहेत, आणि अँड्रॉइड १२ पासून खास परवानगीशिवायही ॲपला दोनशेपर्यंत मिळतात.

अडचण वेगळीच आहे. सगळ्या निरोगी माणसांची मुख्य लय त्याच ८ ते १२ हर्ट्झच्या, म्हणजे चार हर्ट्झ रुंद पट्ट्यात दाटीवाटीने बसलेली असते. एकाच माणसाचं शिखर दिवसभरात हर्ट्झभर इकडेतिकडे सरकतं असं धरलं, तर त्या पट्ट्यात वेगळे ओळखू येणारे कप्पे उरतात चार. चार कप्पे म्हणजे दोन बिट. चार आकडी पिनमध्ये दहा हजार शक्यता असतात, म्हणजे तेरा बिटांच्या वर. थरथरीचा जोर आणि शिखराची रुंदी जमेस धरून आणखी थोडं मिळेल, पण त्याने ही दरी बुजत नाही. शिवाय पाव हर्ट्झचा फरक मोजायचा तर चार सेकंद सलग नोंद लागते. लोकलच्या दारात उभं राहून पैसे पाठवणारा माणूस चार सेकंद हात स्थिर कुठून देणार?

आणि थरथरीचा जोर तर सर्वांत बेभरवशाचा. जागरण, थकवा, भीती, उपाशी पोटी घसरलेली साखर, वाढलेलं थायरॉइड, दम्याचा सॅल्ब्युटामॉलचा पंप, लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटसारखी औषधं, या प्रत्येकाने ती वाढते. प्रोप्रॅनोलॉल या औषधाने कमी होते. जिमवरून आलेला माणूस आणि रविवारी दुपारी झोपून उठलेला तोच माणूस यांच्यातला फरक, दोन वेगळ्या माणसांमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. ओळखीचं चिन्ह हवं असेल तर ते याच्या नेमकं उलट वागायला हवं: माणसागणिक वेगळं आणि एकाच माणसात टिकाऊ. थरथर हाताची अवस्था सांगते. मालकाचं नाव तिच्यात फार पुसट उमटतं.

हाताच्या नकळत हालचालींचा सर्वांत जुना व्यावहारिक उपयोग हस्ताक्षर तपासणीत झाला, आणि तिथेही हेच दिसतं. खोटी सही करणारा नमुना समोर ठेवून हळूहळू रेघ ओढतो, म्हणून त्याच्या रेघेत बारीक थरथर येते. पेनाचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखा, टोकं बोथट, आणि नको त्या जागी पेन उचललेलं. वयाने किंवा आजाराने कापणाऱ्या हाताची सही वेगळी दिसते. तिच्यात वळणं वेडीवाकडी होतात, पण मध्येच एखादा फटकारा जुन्या सवयीने मोकळा आणि झरझर निघून जातो. तपासनीस त्या फटकाऱ्यांकडे पाहतो. भिंगाखाली थरथर त्याला "इथे काहीतरी वेगळं घडलंय" एवढं सांगते. सही कुणाची हे ठरवायला तो अक्षरांची घडण, प्रमाण, जोडण्या यांच्याकडेच वळतो.

मग हाताच्या अनैच्छिक हालचालीत ओळख कुठेच नाही का? आहे, पण ती स्थिर धरलेल्या हातात शोधायची नाही, दचकलेल्या हातात शोधायची.

फोन एका हातात धरून अंगठ्याने एक आकडा दाबा आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदाचा आलेख मोठा करून पाहा. अंगठा काचेला लागण्याआधीच फोन किंचित कलतो, कारण अंगठा लांब न्यायला तळहात वळावा लागतो. मग टेकल्याचा झटका, एक उभी टोकदार रेघ. त्यानंतर फोन मागे ढकलला जातो आणि पकड त्याला जागेवर आणते: दोन-तीन लाटा, प्रत्येक आधीपेक्षा लहान, आणि मग शांतता. धक्का बसल्यावर स्नायूचं पहिलं उत्तर मणक्यातूनच येतं, पंचवीस ते पन्नास मिलिसेकंदांत. त्याच्यामागून मेंदूला वळसा घालून येणारं उत्तर शंभर मिलिसेकंदांपर्यंत येतं. माणूस ठरवून काही करू शकतो ते साधारण त्यानंतर. म्हणजे त्या पहिल्या दशांश सेकंदात जे घडतं त्यावर मालकाचाही ताबा नसतो. ते ठरतं हाताच्या लांबीवर, अंगठ्याच्या पोचेवर, पकडीच्या घट्टपणावर आणि फोन तळव्यात कुठे टेकलाय यावर. शेजारी बसून कुणी कितीही निरीक्षण केलं तरी ही गोष्ट नक्कल करून साधत नाही.

या दिशेचं सर्वांत नीट झालेलं कामही हाताच्या पकडीवरचंच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एचएमओजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात शंभर जणांच्या नोंदी होत्या. टायपिंग करताना फोन कसा हलतो, कलतो, धरला जातो हे मोजून त्याला टॅप आणि कळ दाबण्याच्या वेळांची जोड दिली, तेव्हा चुकीचं प्रमाण चालताना ७.१६ टक्के आणि बसलेलं असताना १०.०५ टक्के आलं. इथे चुकीचं प्रमाण म्हणजे ज्या बिंदूवर खऱ्याला नाकारण्याचा आणि खोट्याला स्वीकारण्याचा दर सारखा होतो तो आकडा. चालताना जास्त अचूक, हे लक्षात घ्या. निव्वळ थरथर उपयोगी असती तर उलटं व्हायला हवं होतं, कारण चालण्यात ती बुडून जाते. हात चालण्याचे धक्के कसे पचवतो, यात माणूस जास्त दिसतो.

संशोधन म्हणून हे आकडे चांगले आहेत. कुलूप म्हणून अजिबात नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यूपीआयवर एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. खऱ्या ग्राहकाला नाकारण्याचं प्रमाण अगदी एक टक्का धरलं तरी महिन्याला वीस कोटी वेळा कुणीतरी दुकानदारासमोर अडकून पडेल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत बायोमेट्रिकसाठी चुकून दुसऱ्याला स्वीकारण्याची मर्यादा हजारात एक अशी ठेवली होती, आणि बायोमेट्रिक एकट्याने वापरायचंही नाही, हातातल्या उपकरणाच्या जोडीनेच, असं बजावलं होतं. टच आयडी या बोटाच्या ठशाच्या कुलपासाठी ॲपल पन्नास हजारांत एक हा आकडा देते. तुलना करा.

म्हणून ओटीपीच्या जागी हे आणायचा विचार सोडून द्या, आणि मघाच्या तिसऱ्या प्रश्नाकडे या. आपल्याकडे रिमोट ॲप वापरून केलेली फसवणूक सर्वांना माहीत आहे. "केवायसी अपडेट करायचंय" म्हणून फोन येतो, एक ॲप घ्यायला लावतात, आणि मग स्क्रीन परक्याच्या ताब्यात जाते. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच एनीडेस्क या रिमोट ॲपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. अशा वेळी दूरवरून टॅप पाठवला जातो तेव्हा स्क्रीनवर आकडा दाबला जातो, पण फोनला धक्का बसत नाही. उभी रेघ नाही आणि मागोमाग लाटाही नाहीत. सहा आकडे दाबले गेले आणि फोन टेबलवर निश्चल पडलेला, ही विसंगती ओळखायला मालक कोण हे माहीत असण्याची गरजच नाही. कॉम्प्युटरवर नकली फोन उघडून हजारो खाती चालवणारेही इथेच पकडले जातात, कारण त्यांच्या सेन्सरमधून एकतर सपाट रेघ येते किंवा तीच ती नोंद फिरून फिरून येते. व्यवहार थांबवून ग्राहकाला उलट फोन करायला एवढा इशारा पुरतो. याला प्रसिद्धी मिळत नाही, पण माणसांचे पैसे यातून वाचतात, आणि मला या कामात सर्वांत जास्त रस याच कोपऱ्यात आहे.

याचीही हद्द आहे. तथाकथित डिजिटल अटकेत घाबरवलेला माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून पैसे पाठवतो. हात त्याचाच असतो, त्यामुळे सेन्सर होच म्हणणार. "घाबरल्यावर थरथर वाढते, ती पकडू" असं सुचवणारे भेटतात. मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. दम्याचा पंप ओढलेल्या माणसाला आणि धमकावलेल्या माणसाला त्या आलेखावरून वेगळं करता येत नाही.

आता जी गोष्ट प्रकल्पाच्या अहवालात बहुतेक कुणी लिहीत नाही ती. बोटाचा ठसा देताना बोट पुढे करावं लागतं. थरथर द्यावी लागत नाही, ती घेतली जाते. अँड्रॉइडवर ॲक्सेलरोमीटर वाचायला ॲपला परवानगी मागावी लागत नाही. २०१८ च्या अँड्रॉइड ९ ने समोर उघडं नसलेल्या, मागे चालू राहणाऱ्या ॲपना ते बंद केलं, पण समोर उघडं असलेलं ॲप वाचू शकतं. आयफोनवर वेबसाइटला मात्र आयओएस १३ पासून विचारावं लागतं. जी गोष्ट कोणतंही गेम चुपचाप नोंदवू शकतं, ती गुप्त किल्ली म्हणून कशी चालेल? नोंद चोरली गेली तर पासवर्डसारखी बदलताही येत नाही.

शिवाय त्या नोंदीत ओळखीपेक्षा आजार जास्त स्पष्ट लिहिलेला असतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, हात विसावलेला असताना सेकंदाला चार ते सहा वेळा कापतो. २०१६ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी नुसत्या टायपिंगच्या लयीवरून सुरुवातीच्या टप्प्यातल्या पार्किन्सन्सच्या खुणा शोधता येतात हे दाखवलं. वैद्यकाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. पण तीच नोंद फसवणूक रोखण्याच्या नावाखाली एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं साठत गेली, तर ग्राहकाला स्वतःला कळायच्या आधी त्याच्या मेंदूतला बदल विमा विकणाऱ्याला कळू शकतो. २०२३ चा आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. हाताला ते जमत नाही, म्हणून ते व्यवस्थेत बसवावं लागतं. माझा आग्रह असा की कच्ची नोंद फोनबाहेर जाऊच नये. हिशेब फोनमध्येच व्हावा, बाहेर फक्त "धक्का जुळला, जुळला नाही" एवढंच जावं, आणि नोंद लगेच पुसली जावी. तुमच्या प्रकल्पातही वर्गमित्रांकडून लेखी संमती घ्या आणि काम संपल्यावर नोंदी नष्ट करा.

आणि आजोबा. कापणाऱ्या हातांना अशा व्यवस्थेचा सर्वांत जास्त त्रास होतो, कारण मॉडेल बहुतेकदा तरुण, निरोगी हातांवर शिकवलेलं असतं. त्यांच्या टॅपनंतरच्या लाटा थरथरीत हरवतात, आणि औषध घेतल्यावर दुपारचा हात सकाळच्या हातासारखा राहत नाही. ही प्रणाली त्यांना अडवत असेल तर तो दोष प्रणालीचा आहे. तिच्या "जुळलं नाही" या उत्तरावरून कधीही थेट नकार देऊ नये, दुसरा मार्ग पुढे करावा, आणि तो मार्ग वापरणाऱ्याकडे संशयाने पाहू नये. कागदावर बँकिंगने हे केव्हाच मान्य केलंय. आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही करता येत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदारांनी ओळख पटवायची आणि त्यांतला एक बँकेचाच अधिकारी. सही जुळत नाही म्हणून त्यांना काउंटरवरून परत पाठवत असतील, तर शाखा व्यवस्थापकाकडे या तरतुदीचं नाव घेऊन लेखी अर्ज द्या.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच पाहा. त्यांचे हात मांडीवर विसावलेले असताना कापतात, की कप उचलताना? दोन्हींची कारणं आणि औषधं वेगळी आहेत. शांत बसलेले असतानाचा आणि पाण्याचा पेला तोंडाशी नेतानाचा, असे दोन छोटे व्हिडिओ काढा आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा. सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्या, पंपसुद्धा.